रीपर आणि लॉजिकचा कॉम्प्रेसर: आकडे तेच, आवाज वेगळा, असं का?

टाळकरी_नाशिक

राम कृष्ण हरी मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या भजनी मंडळाचे सात-आठ अभंग घरीच रेकॉर्ड केलेत, वरच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून. बुवांच्या आवाजाला एक कंडेन्सर, पखवाजाच्या दोन्ही पुड्यांना एकेक डायनॅमिक, पेटी आणि टाळ यांना मिळून एक माइक. सगळे एकाच खोलीत एकाच वेळी, कारण बुवा म्हणतात टाळाशिवाय मी गाणार नाही आणि हेडफोन तर कानाला लावणारच नाही. त्यामुळे बुवांच्या माइकात टाळ भरपूर आलाय, तो भाग मान्य आहे.

मिक्सिंग रीपर या सॉफ्टवेअरमध्ये करतोय. मित्राकडे मॅक आहे, त्याला बुवांच्या आवाजाची कच्ची फाइल पाठवली, त्याने लॉजिक या मॅकवरच्या सॉफ्टवेअरमधला कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारं साधन) लावून दहा मिनिटांत परत पाठवली आणि बुवा एकदम समोर मांडी घालून बसल्यासारखे वाटायला लागले. मी विचारलं सेटिंग काय, तर म्हणाला थ्रेशोल्ड (दाबायला सुरुवात कुठून) उणे १८, रेशो (किती दाबायचं) ४, अटॅक (दाबायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) १०, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १००. मी रीपरच्या रीकॉम्प या कॉम्प्रेसरमध्ये हेच चारही आकडे टाकले आणि माझ्याकडे बुवा दाराआडून गातायत. धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरवर एफएल स्टुडिओ आहे म्हणून तिथे फ्रुटी कॉम्प्रेसरमध्येही तेच आकडे टाकून बघितले, तर तिसराच प्रकार.

गणित तर एकच असणार ना? उणे १८ च्या वर गेलं की चारास एक. मग तीन सॉफ्टवेअरचे तीन आवाज का येतात? आणि खरं सांगायचं तर मनात हे चाललंय की जुना मॅक मिनी बघावा का, की एखादा विकतचा प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं तयार साधन) घ्यावा, की माझंच काहीतरी चुकतंय.

रात्रीचा_मिक्सर

मॅक घेऊ नका, आधी एक गोष्ट तपासा. मित्राच्या फाइलची लेव्हल तुमच्या फाइलपेक्षा किती जास्त आहे?

लॉजिकच्या कॉम्प्रेसरमध्ये ऑटो गेन नावाचं बटण असतं, तीन पर्याय, बंद, ० डीबी आणि उणे १२ डीबी. नवा कॉम्प्रेसर उघडला की ते ० डीबीवर चालूच असतं आणि बरेच लोक तिकडे बघतही नाहीत. दाबलेला आवाज ते परत वर उचलून देतं. रीकॉम्पमध्येही ऑटो मेकअप आहे पण तिथे खूण तुम्ही स्वतः करायची. म्हणजे मित्राने दाबून उचललं आणि तुम्ही नुसतंच दाबलं. दाराआडून येणारच.

आणि कान फार भोळे असतात हो. दोन अगदी सारखे आवाज, एक दुसऱ्यापेक्षा जेमतेम १ डीबी मोठा, तर माणूस ‘मोठा आहे’ असं म्हणत नाही, ‘जास्त खुला आहे’, ‘उबदार आहे’, ‘पुढे आलाय’ असलं काहीतरी म्हणतो. इथे तर ४-५ डीबीचा फरक असेल.

असं करा. दोन्ही फाइली रीपरमध्ये दोन ट्रॅकवर घ्या, अभंगाचं एकच कडवं निवडा, अर्धा मिनिट पुरे, आणि दोन्हीचा लफ्स (LUFS, कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) मोजा. रेंडरच्या खिडकीत ड्राय रन म्हणून सोय आहे, फाइल न बनवता आकडा सांगते. जो मोठा आहे त्याचा फेडर खाली आणा, दोन्ही ०.२ डीबीच्या आत आले पाहिजेत. मग डोळे मिटून सोलोची अदलाबदल करा. त्यानंतरही फरक वाटला तर पुढचं बोलू.

टाळकरी_नाशिक

अरेच्चा. मोजलं आत्ताच. मित्राची फाइल माझ्यापेक्षा ५.३ लफ्स मोठी निघाली. लाज वाटतेय जरा. पण सारखी करूनही थोडा फरक आहेच, बुवा ‘विठ्ठल’ म्हणताना ‘वि’ मित्राकडे जास्त ठळक येतो. मनाचे खेळ नाहीत, बायकोला न सांगता ऐकवलं, तिलाही कळला.

आकडेमोड

कळणारच. ‘गणित एकच’ हे अर्धंच खरं आहे. थ्रेशोल्ड आणि रेशोचं गणित शाळेतलं आहे पण कॉम्प्रेसर कुठल्या आवाजाला ‘उणे १८’ म्हणतो ते प्रत्येकाचं वेगळं.

साधं उदाहरण घ्या. १ किलोहर्ट्झचा साइन टोन, शिखर उणे ६ डीबीवर. आवाज मोजणाऱ्या भागाला डिटेक्टर म्हणतात, तो शिखर बघणारा म्हणजे पीक डिटेक्टर असेल तर त्याला १२ डीबी वर गेलेलं दिसतं, चारास एकने त्यातले ३ उरतात, म्हणजे ९ डीबी दाबलं. आता तोच टोन आरएमएस म्हणजे एक प्रकारची सरासरी मोजणाऱ्या डिटेक्टरला द्या. साइनचा आरएमएस शिखराच्या ३ डीबी खाली असतो, म्हणून त्याला उणे ९ दिसतं, फक्त ९ डीबी वर, त्यातले २.२५ उरतात, दाबलं किती तर ६.७५. एकच थ्रेशोल्ड, एकच रेशो, आणि सव्वादोन डीबीचा फरक इथेच पडला, अजून अटॅक-रिलीजला हातही लावलेला नाही. आणि हे साइनचं झालं. माणसाच्या गळ्यात शिखर आणि सरासरी यांच्यातलं अंतर यापेक्षा कितीतरी मोठं असतं, पखवाजात तर विचारूच नका.

रीकॉम्पमध्ये आरएमएस साइज म्हणून स्लायडर आहे, उघडल्यावर ५ मिलिसेकंदांवर असतो. तो शून्याकडे नेला की शिखरं बघायला लागतो, वाढवला की सरासरी. लॉजिकमध्ये प्लॅटिनम डिजिटल हे मॉडेल घेतलं तर पीक की आरएमएस असं बटणच आहे. एबलटन या आणखी एका सॉफ्टवेअरच्या कॉम्प्रेसरमध्येही पीक आणि आरएमएस हे वेगळे मोड आहेत. तुमच्या मित्राला विचारा कुठलं मॉडेल लावलं होतं, कारण लॉजिकच्या त्या एका खिडकीत सात वेगवेगळे कॉम्प्रेसर बसलेत (२०१५ च्या १०.१ अपडेटपासून) आणि ‘लॉजिकचा कॉम्प्रेसर’ म्हणणं म्हणजे ‘पुण्याची मिसळ’ म्हणण्यासारखं आहे, कुठली ते सांगा आधी.

आता अटॅक. तुम्ही १० मिलिसेकंद लिहिलंत. पण १० मिलिसेकंदांत काय व्हायचं? कोणी म्हणतो जेवढं दाबायचंय त्याच्या ६३ टक्के दाबून व्हायचं. कोणी म्हणतो ९० टक्के. एकाच घसरणीच्या रेषेवर ६३ टक्के १० मिलिसेकंदांत होत असतील तर ९० टक्के व्हायला २३ लागतात. म्हणजे एकाचा १० हा दुसऱ्याचा २३. तुमचा तो ‘वि’ इथे सापडेल, ज्याच्याकडे अटॅक प्रत्यक्षात सावकाश आहे त्याच्याकडे शब्दाचं तोंड दाबायच्या आत निसटतं.

नी पण बघा, म्हणजे थ्रेशोल्डपाशी दाब एकदम सुरू होतो की हळूहळू. रीकॉम्पमध्ये नी डीबीत असते आणि सुरुवातीला शून्य, म्हणजे कडक कोपरा. लॉजिकमध्ये ० ते १ असा नुसता आकडा. या दोघांचं भाषांतर होतच नाही.

खात्री करायची असेल तर रेंडर करून बघा, माझी आवडती करमणूक आहे ही. एक टोन बनवायचा, दोन सेकंद उणे ३० वर, मग एकदम उणे ६ वर दोन सेकंद, परत उणे ३०. तो प्रत्येक कॉम्प्रेसरमधून काढायचा आणि लाटेचं चित्र मोठं करून बघायचं. उडीनंतर लाट खाली कशी बसते तो अटॅक, परत वर कशी येते ते रिलीज. कान लागतच नाहीत. एका रविवारी सगळे डोंगर-दऱ्या कागदावर काढल्या होत्या मी, घरच्यांना वाटलं हृदयाचा काहीतरी रिपोर्ट आहे.

ढोलकीपटू_सातारा

आकडेवाले दादा बरोबर बोलतायत पण भजनात काम करायचं तर लय बघावी लागती. मी ढोलकी वाजवतो, तमाशाच्या फडाबरोबर पण वाजवलीय आणि आता घरी रेकॉर्डिंग करतो. पहिली चार वर्षं मी पण नेटवरचे आकडे टाकायचो, व्हॉकल ४:१, ड्रम अमुक, आणि ढोलकीची थाप म्हणजे पुठ्ठ्यावर चापट मारल्यागत यायची.

पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक लावतात, हे माहितीय तुम्हाला, त्यानं जो घुमतो तो ८० हर्ट्झच्या आसपासचा धक्का येतो. कॉम्प्रेसरला तो धक्का सगळ्यात मोठा दिसतो. मग काय होतं, डाव्यानं घुमलं की उजव्याचे बोल आणि त्यात शिरलेला बुवांचा आवाज पण खाली जातो, पुन्हा वर येतो, पुन्हा खाली. बुवांच्या माइकात पखवाज शिरला असंल तर तिथं पण हेच. रीकॉम्पमध्ये डिटेक्टरला हायपास म्हणजे खालचे आवाज अडवणारा फिल्टर आहे, तो १२० च्या वर ओढा. आवाजातलं बेस जात नाही त्यानं, फक्त कॉम्प्रेसरच्या कानात बोळा घातल्यागत होतं, त्याला घुमारा ऐकूच जात नाही. लॉजिकमध्ये पण साइडचेनच्या (डिटेक्टरला काय ऐकवायचं त्या) पानावर फिल्टर आहे, एबलटनमध्ये पण. एफएलच्या त्या साध्या फ्रुटी कॉम्प्रेसरमध्ये मात्र असलं काही नाही, तो सहा बटणांचा साधा गडी आहे.

रिलीज १०० का टाकला? मित्रानं सांगितला म्हणून. तुमचा अभंग मिनिटाला १०० मात्रांनी चालला असंल तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, अर्धी ३००, पाव १५०. पुढची थाप पडायच्या आत किती दाबलं ते दाखवणारी सुई शून्याला आली पाहिजे नाहीतर दुसरी थाप आधीच दाबलेली असती आणि सगळा ठेका सपाट. आणि लय चढत जाते भजनात! सुरुवातीला ठायला लावलेला रिलीज शेवटच्या गजराला चालत नाही. मी सरळ गजराचा भाग कापून वेगळ्या ट्रॅकवर टाकतो, कॉम्प्रेसर वेगळा, कोण बघायला येतंय.

पण लै कमी पण करू नका. ८० हर्ट्झची एक लाट साडेबारा मिलिसेकंदांची असती. रिलीज १० वर नेला की कॉम्प्रेसर प्रत्येक लाटेलाच दाबतो सोडतो दाबतो सोडतो, घुमाऱ्यात फरफर यायला लागती. मला वाटलं स्पीकर फाटला. दोन दिवस स्पीकर उघडून बसलो होतो राव.

नुसता_श्रोता

एवढं सगळं कशाला, एखादा चांगला प्लगइन घ्या आणि मोकळे व्हा. वेळ म्हणजे पैसा.

रात्रीचा_मिक्सर

@नुसता_श्रोता त्या प्लगइनलाही थ्रेशोल्ड, अटॅक, रिलीज असणारच आहे. टाळकरी दादांना आज रीकॉम्पमध्ये जे ऐकू येत नाहीये ते तिथेही येणार नाही, फक्त खिडकीत सोनेरी सुई हलताना दिसेल.

वाचिका

मी मराठी ऑडिओबुकचं एडिटिंग करते, त्यामुळे पखवाजाबद्दल मला काही बोलता येणार नाही पण टाळकरी दादा, तुमच्या पहिल्याच परिच्छेदात माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. बुवांच्या माइकात टाळ भरपूर आलाय असं तुम्ही लिहिलंय. वर पंखा पण असेलच?

कॉम्प्रेसर मोठा आवाज ६ डीबी दाबतो, मग मेकअपने सगळंच ६ डीबी वर येतं. सगळंच म्हणजे बुवा श्वास घेतात तेव्हाचा पंखा, टाळ, खालच्या रस्त्यावरची रिक्षा सुद्धा. आमच्याकडे हे आकड्यात दिसतं कारण परदेशी ऑडिओबुकसाठी फाइल देताना एसीएक्स या ऑडिओबुकच्या प्लॅटफॉर्मचा नियम असतो की शांततेतली लेव्हल उणे ६० डीबीच्या खाली हवी, सरासरी उणे २३ ते उणे १८ च्या मध्ये, शिखर उणे ३ च्या वर नको. उणे ६२ ला असलेली खोली, छान वाटते, ६ डीबी उचलली की उणे ५६, फाइल परत. कॉम्प्रेसर कुठल्या कंपनीचा होता हे कोणी विचारत नाही.

तर माझी पद्धत अशी की कॉम्प्रेसरला काम कमी द्यायचं. बुवा ध्रुपद हळू गातात आणि कडव्यात वरच्या पट्टीला जाऊन माइकाजवळ पण येतात ना? सगळेच करतात. ती चढउतार हाताने सारखी करा आधी, रीपरमध्ये आयटमचे म्हणजे रेकॉर्डिंगच्या पट्टीचे तुकडे करून त्याचा आवाज वर-खाली ओढता येतो, किंवा टेकचा व्हॉल्यूम एन्व्हलप, म्हणजे आवाज वर-खाली करणारी रेषा, काढता येतो. कंटाळवाणं आहे, एका अभंगाला पाऊण तास जातो माझ्या अंदाजाने, मला एका प्रकरणाला दोन तास जातात. पण त्यानंतर कॉम्प्रेसर ८-१० डीबी ऐवजी ३ डीबी दाबतो आणि तेवढ्यात पंखा पण वर येत नाही आणि रीकॉम्प असो लॉजिक असो फरक अगदी थोडा उरतो. दोघंही सरळच आहेत हो कमी कामाला, जास्त राबवलं की प्रत्येकाचा स्वभाव दिसतो. माणसांसारखंच.

ज्यांच्याकडे रीपर पण नाही त्यांच्यासाठी, ऑडॅसिटीमध्ये २०२४ च्या ३.६ पासून नवीन कॉम्प्रेसर आणि लिमिटर आलेत, चालू आवाजावर ऐकत सेट करता येतात आणि किती दाबलं त्याचा आलेख पण दिसतो. आधी लावा, थांबा, ऐका, अनडू करा असं चालायचं, त्यात अर्धं आयुष्य गेलं.

जुना_कन्सोलवाला

चर्चा वाचून बरं वाटलं. मी मुंबईत स्टुडिओत टेपच्या काळात लागलो, आता निवृत्त. तुम्ही लोक ‘स्वभाव’ म्हणता तो कुठून आला ते थोडं सांगतो, कारण लॉजिकमधल्या त्या सात नावांचा अर्थ त्याशिवाय लागत नाही. व्हिंटेज ऑप्टो, व्हिंटेज फेट, व्हीसीए हे सगळे जुन्या लोखंडी पेट्यांचे वारसदार आहेत.

ऑप्टो म्हणजे एलए-२ए या जुन्या कॉम्प्रेसरच्या घराण्यातला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जिम लॉरेन्स नावाच्या माणसाने बनवला, हा गृहस्थ आधी क्षेपणास्त्राच्या कामात ऑप्टिकल सेन्सरवर होता. आत एक दिवा आणि उजेडाला प्रतिसाद देणारा रोधक. आवाज मोठा झाला की दिवा उजळतो, रोधक बदलतो, आवाज दबतो. गंमत सोडताना आहे. अर्धा दाब साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो आणि उरलेला अर्धा सुटायला अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत वेळ घेतो, कारण तो रोधक किती वेळ उजेडात होता ते त्याला ‘आठवतं’. गळ्याला हे फार मानवतं. गायकाने लांब आलाप घेतला तर हळू सोडतो, एक शब्द जोरात आला तर चटकन सोडतो. त्याला अटॅक-रिलीजची बटणंच नव्हती, दोन मोठे नॉब, किती दाबायचं आणि किती उचलायचं, झालं.

फेट म्हणजे ११७६ नावाच्या पेटीचा वारस, ती बनवली बिल पुटनमने, १९६७. याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, मिलि नव्हे, मायक्रो. म्हणजे त्याचा सगळ्यात सावकाश अटॅक सुद्धा १ मिलिसेकंदाच्या आत. याला थ्रेशोल्डचा नॉब नाही, इनपुट वाढवाल तसा जास्त दाबतो. आणि याचे अटॅक-रिलीज उलटे फिरतात, उजवीकडे नेलं की जलद. यावरून स्टुडिओत किती भांडणं झालीत काय सांगू, नवीन मुलगा उजवीकडे फिरवून ठेवायचा ‘सावकाश केलंय सर’ म्हणून आणि ड्रमचा जीव जायचा.

तेव्हा टाळकरी, तुमच्या मित्राने ऑप्टो लावला असेल तर त्याचा ‘रिलीज १००’ आणि रीकॉम्पचा ‘रिलीज १००’ यांची तुलनाच होत नाही. पहिला वाकडी रेषा आहे, दुसरा सरळ.

आमच्याकडे गळ्याला दोन पेट्या एकापाठोपाठ लावायचे. आधी जलद, फक्त उसळलेले शब्द दोन-तीन डीबी धरायला, मग सावकाश, सगळं मिळून दोन-तीन डीबी. एकाच पेटीला सहा डीबी ओढायला लावलं की ऐकू यायचं. रीपरमध्ये दोन रीकॉम्प लावा ना, कोणी पैसे मागत नाही. पहिला अटॅक १, रिलीज ५०-६०, दुसरा अटॅक १०-१५, ऑटो रिलीजवर, नी मऊ ठेवा, १०-१२ डीबी.

आकडेमोड

सरांनी सांगितलेलं रीपरमध्ये आणखी एका पद्धतीने होतं. रीपरच्या सोबत जेएस नावाच्या छोट्या प्लगइनचा ढीग येतो, दिसायला अगदी ओसाड, नुसते स्लायडर, म्हणून कोणी उघडत नाही. त्यात ११७५ नावाचा एक कॉम्प्रेसर आहे, नाव एका आकड्याने चुकवलंय मुद्दाम, काय ते समजून घ्या. आणि फेअरली चाइल्डिश नावाचा आहे, तो फेअरचाइल्ड या जुन्या नावाजलेल्या कॉम्प्रेसरवरचा विनोद. म्हणजे ‘रीपरमध्ये सरळ कॉम्प्रेसर सोडून काही नाही’ असंही नाही.

आणि ज्यांना खरंच दोन कॉम्प्रेसर सारखे आहेत का ते बघायचंय त्यांनी एकाची फेज (लाटेची वर-खालची बाजू) उलटी करून दोन्ही एकत्र वाजवावेत. पूर्ण शांतता आली तर सारखे. पण जपून, लेव्हलमध्ये नुसता ०.१ डीबी फरक राहिला तरी मूळ आवाजाच्या ३९ डीबी खाली काहीतरी कुजबुजत राहतं आणि लोक लगेच ‘बघा बघा हा त्या कंपनीचा जादुई रंग’ म्हणून धावतात. ती जादू फेडरची असते.

रात्रीचा_मिक्सर

एबलटनवाल्यांचा विषय नीट निघाला नाही म्हणून. त्यातला ग्लू कॉम्प्रेसर हा एबलटनने स्वतः बनवलेला नाही, सायटोमिक कंपनीचा आहे, ऐंशीच्या दशकातल्या एका मोठ्या कन्सोलच्या बस कॉम्प्रेसरवरून (अनेक ट्रॅक एकत्र करून त्यावर लावायचा). अटॅक-रिलीजला पायऱ्या आहेत, मधला आकडा घेताच येत नाही, रेशो पण २, ४ आणि १० एवढेच. मला ते आवडतं, पर्याय कमी म्हणजे वेळ वाचतो. पण बुवांच्या गळ्यावर लावायची गोष्ट नाही ती, कोरस आणि टाळ-पेटी एका ग्रुपमध्ये घेऊन त्यावर २ चा रेशो, अटॅक १०, रिलीज ऑटो, सुई जेमतेम दीड-दोन डीबी हलली पाहिजे. रीपरमध्ये हेच रीकॉम्पने ९० टक्के जमतं. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी कोणी सॉफ्टवेअर बदलू नये असं माझं मत. प्लगइनची यादी बघून सॉफ्टवेअर बदलणारे माझे दोन मित्र आहेत, दोघांचं एकही गाणं पूर्ण झालेलं नाही.

टाळकरी_नाशिक

मंडळी, चार दिवस उत्तर दिलं नाही कारण तुम्ही सांगितलेलं करत बसलो होतो.

मित्राला विचारलं. व्हिंटेज ऑप्टो होता. त्याने नाव वाचलंच नव्हतं, जुन्या कुठल्यातरी प्रीसेटमधून उघडला होता म्हणे. मग त्याला प्लॅटिनम डिजिटलवर टाकून, ऑटो गेन बंद करून, तीच फाइल परत मागवली आणि मी रीकॉम्पमध्ये अटॅक वाढवत वाढवत बसलो. अटॅक २० आणि नी ६ डीबी केल्यावर ‘वि’ जवळजवळ सारखा आला. लेव्हल जुळवून बायकोला आणि भावाला दहा-दहा वेळा ऐकवलं, कुठला कुठला ते न सांगता. भावाने सहा बरोबर सांगितले, बायकोने चार, म्हणजे दोघंही अंदाजेच बोलत होते. ऑप्टोवाली फाइल मात्र दोघांनीही दहापैकी नऊ वेळा ओळखली, तिच्यात बुवांचा लांबलेला स्वर जास्त सलग येतो हे खरं आहे. मग जुने कन्सोलवाले सरांनी सांगितले तसे दोन रीकॉम्प लावले. तेवढं सलग नाही आलं पण माझ्या कामाला पुरेसं आलं.

साताऱ्याच्या भाऊंचा डिटेक्टरचा हायपास म्हणजे काय सांगू, पखवाजाच्या ट्रॅकवर १३० ला लावला आणि उजव्या पुडीचे बोल धुऊन काढल्यासारखे सुटे झाले. गजर पण वेगळ्या ट्रॅकवर टाकला.

पण खरी चपराक वाचिकाताईंची. बुवांच्या ट्रॅकवरचे सगळे कॉम्प्रेसर बंद करून दोन कडव्यांमधली शांतता नुसती मोठी करून ऐकली. पंखा. स्वच्छ पंखा, त्याची एक पाती दर फेरीला टक वाजते ती पण. महिनाभर हे ऐकतोय आणि मला ते टाळाचं काहीतरी वाटत होतं. कच्च्या फाइलीत शांतता उणे ४८ निघाली, म्हणजे कॉम्प्रेसर लावायच्या आधीच हरलो होतो.

वाचिका

उणे ४८! दादा, तिथे नॉइज रिडक्शन मारायला जाऊ नका हं, टाळाची किणकिण पंख्याच्याच पट्ट्यात गुंतलेली असते, ती पाण्यातून आल्यासारखी होईल. जमलं तर परत रेकॉर्ड करा.

ढोलकीपटू_सातारा

परत करताना माइक बुवांच्या तोंडापासून वीतभर ठेवा आणि टाळकऱ्यांना माइकाच्या पाठीमागं बसवा. कंडेन्सर कार्डिऑइड असंल तर मागून कमी घेतो. तिथंच अर्धी लढाई जिंकता.

भावाचा_लॅपटॉप

मी तो एफएलवाला धाकटा भाऊ, दादाने लिंक दिली. फ्रुटी कॉम्प्रेसरचं काय झालं ते कोणीच नीट सांगितलं नाही.

आकडेमोड

त्यात टाइप नावाचा एक नॉब आहे, हार्ड, मीडियम, व्हिंटेज, सॉफ्ट वगैरे, म्हणजे तीच ती वरची ‘नी’. दादाने तिकडे बघितलं नसणार. शिवाय तो खूप जुना आणि साधा आहे, किती दाबतोय ते दाखवणारं मीटरसुद्धा नाही. तू त्याऐवजी फ्रुटी लिमिटर उघड, त्यात कॉम्प असं दुसरं पान आहे, नी आहे, साइडचेन आहे आणि लाटेवर दाब दिसतो. नाव लिमिटर असल्यामुळे लोक तिथे कॉम्प्रेसर शोधत नाहीत.

टाळकरी_नाशिक

येत्या रविवारी पहाटे पाचला परत रेकॉर्डिंग ठरलंय, काकड्यानंतर लगेच, तेव्हा रिक्षा पण नसतात आणि पंख्याची गरज पण नसते. बुवांना कारण विचारलं तर सांगितलं की पंख्याची एक पाती वाजते. म्हणाले, ‘ती तर पहिल्या दिवसापासून वाजतेय, मला वाटलं तुझ्या मशिनला चालतं.’